क्रोम प्लेटिंगच्या कामामुळे नाकातून रक्त येतं का?

हो येतं, उन्हाळ्यामुळे असेल म्हणून सोडून देऊ नका. टाकीत करंट सोडला की बुडबुडे फुटून क्रोमिक ॲसिडचे बारीक तुषार उडतात, त्यातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियम धातूचं विषारी रूप) नाकाचा मधला पडदा खातं, आधी खपल्या धरतात, रक्त येतं आणि पुढे चक्क आरपार भोक पडतं, त्यात दुखत फारसं नाही म्हणून कित्येकांना पत्ताच नसतो. हाताला चीर असेल तर तिथे खोल व्रण होतो, लवकर भरत नाही. वर्षानुवर्षं श्वासातून गेलं तर फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय. (घरच्या स्टीलच्या भांड्यांतही क्रोमियम असतं, पण ते वेगळं, त्यांना उगाच घाबरू नका.) रुमाल बांधून काही उपयोग नाही, टाकीच्या कडेलाच एक्झॉस्ट पाहिजे. ईएनटीला दाखवा आणि काम काय करता ते आधी सांगा.