माझा आठवीतला मुलगा फारच अबोल आहे. शाळेने त्याला गट समुपदेशनात घातलंय. उपयोग होतो का, की बाकीची मुलं उगाच चिडवतात?

गटात कशी मुलं आहेत ते आधी विचारा. सगळीच अबोल असतील तर नाव काढून घ्या. त्यापेक्षा सोसायटीत कॅरम खेळू दे.

कोपरखैरणेच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचे. समुपदेशनाचा कोर्स केला होता म्हणून शुक्रवारचा शेवटचा तास माझ्या गळ्यात पडला. मुख्याध्यापकांनी यादी दिली: आठवी-नववीतली नऊ मुलं, एकूण एक घुमी. दोन शुक्रवार आम्ही पंख्याचा आवाज ऐकला. मी म्हटलं, सर, दोन बोलकी मुलं द्या, ही कोणाचं बघून शिकणार? तर म्हणे, "त्यांना काय धाड भरलीय? त्यांचा गणिताचा तास कशाला बुडवायचा?"

मग तक्ते रंगवायला हवीत असं सांगून दोन तोंडाळ पोरं पळवली. बाकं सरकवून एनएमएमटीची, म्हणजे नवी मुंबई पालिकेची बस केली. एक कंडक्टर, बाकीचे प्रवासी. कंडक्टरने सुटे पैसे तिकिटामागे लिहून दिलेत, उतरायच्या आत ते मागायचे. आधी बोलक्याने भांडून दाखवलं. मग एकेकाची पाळी. हजेरीला नुसता हात वर करणारा एक मुलगा तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "माझे तेरा रुपये राहिले." कंडक्टरच गडबडला. तोच प्रसंग चार वेळा केला. नजर कुठे होती, आवाज कुठे पडला, हे पोरांनीच त्याला सांगितलं. पुढच्या शुक्रवारपर्यंत खऱ्या दुकानात जाऊन उरलेले पैसे मोजून मागायचे, हा गृहपाठ. मूल्यशिक्षणाच्या तासाला ‘धीट व्हा’ ऐकून कोण धीट झालंय?

दांडगट मुलांचा वेगळा गट तर त्याहून वाईट. एकमेकांच्या प्रतापांना हसून दाद देतात आणि दांडगाई वाढते, हे डिशन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९९९ सालीच अमेरिकेत लिहून ठेवलंय. त्याची प्रत सरांना दिली होती. तिच्यावर चहाचा कप ठेवलेला मी पाहिला.

चिडवतात, हो. आमच्या तासाला ‘मेंटल तास’ म्हणायचे. तक्तेवाली दोघं यायला लागल्यावर ते कमी झालं.

पालकसभेत सर म्हणाले, "वयाने सुधारतात हो मुलं, बाईंना हौस." पुढच्या वर्षी तो तास स्कॉलरशिपला गेला. वयाने सुधारतात, तर मग नववीतली पोरं पंख्याकडे का बघत बसली होती? तेव्हा सुचलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

हां, मी हे एकाच शाळेत केलंय. आणि मुलगा जेवत-झोपत नसेल, मरणाबिरणाचं बोलत असेल तर गटाच्या भरवशावर राहू नका, त्याला एकट्याला समुपदेशकाकडे न्या. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो.

यादी गुप्त असते असं शाळा म्हणाली, तर नावं नकोत, बोलकी किती तेवढंच सांगा म्हणावं.