वाचकांचे प्रश्न : सेनेका फॉल्सच का?

प्रश्न : अमेरिकेतील स्त्री-मताधिकाराच्या इतिहासात न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स या लहान गावाचे नाव हमखास येते. स्त्रियांच्या हक्कांची पहिली परिषद मोठे शहर सोडून याच गावात का भरली? या गावातील नामवंत कोण?
– एक वाचक, सातारा

उत्तर : याचे सरळ कारण म्हणजे परिषदेमागची मुख्य प्रेरणा असलेल्या एलिझाबेथ कॅडी स्टँटन त्या गावात राहत होत्या. १८४७ मध्ये त्या बॉस्टनहून येथे आल्या. पती वरचेवर बाहेरगावी, पदरी लहान मुले, आणि बॉस्टनमधील व्याख्याने, चर्चा, मैत्रिणी सारे मागे राहिलेले. घरात अडकलेल्या स्त्रीची घुसमट त्यांना येथे खऱ्या अर्थाने भोगावी लागली. ९ जुलै १८४८ रोजी शेजारच्या वॉटर्लू गावी जेन हंट यांच्या घरी पाच जणी चहाला जमल्या, तेव्हा स्टँटन यांनी मनातले सारे बोलून दाखवले. तिथल्या तिथे परिषद घेण्याचे ठरले आणि १९ व २० जुलैला ती पार पडलीही.

इतक्या घाईत बोलावलेल्या सभेला सुमारे ३०० माणसे आली, याचे श्रेय मात्र त्या परिसराला द्यायला हवे. वॉटर्लूची क्वेकर (स्त्री-पुरुषांना समान मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची) कुटुंबे गुलामगिरीविरोधी कार्यात मुरलेली होती. सभा ज्या वेस्लियन चॅपेलमध्ये (ख्रिस्ती प्रार्थनागृहात) भरली, ते १८४३ मध्ये गुलामगिरीच्या विरोधकांनीच बांधले होते, आणि सुधारकांना त्याची दारे खुली असत. सभेपुढील ठरावांतली मताधिकाराची मागणी परिषदेच्या संयोजकांपैकी एक असलेल्या, खुद्द ल्युक्रेशिया मॉट यांनाही अतिरेकी वाटली होती. रॉचेस्टरहून आलेले, गुलामगिरीतून सुटलेले वक्ते व संपादक फ्रेडरिक डग्लस यांनी तिची जोरदार बाजू घेतली आणि तो ठराव संमत झाला. स्त्रियांच्या हक्कांच्या मागण्या मांडणाऱ्या परिषदेच्या जाहीरनाम्यावर ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. त्यांत शार्लट वुडवर्ड ही घरी हातमोजे शिवून देणारी तरुणी होती. १९२० मध्ये मताधिकार मिळाला, तेव्हा सह्या करणाऱ्या स्त्रियांपैकी ती एकटीच हयात होती, आणि आजारपणामुळे तिलाही मतदान करता आले नाही. मोठ्या नावांच्या गर्दीत तिचे नाव मागे पडू नये, असे मला मनापासून वाटते.

गावातील दुसरे ठळक नाव अमेलिया ब्लूमर यांचे. १८४९ मध्ये त्यांनी ‘द लिली’ हे स्त्रियांसाठीचे पत्र येथूनच सुरू केले. आखूड झग्याखालील सैल विजारीला त्यांचे नाव चिकटले असले, तरी तो पोशाख त्यांनी शोधून काढलेला नव्हता. त्यांनी आपल्या पत्रातून त्याचा पुरस्कार केला. स्टँटन आणि मताधिकार चळवळीच्या पुढे नेत्या झालेल्या सुझन अँथनी यांची ओळख १८५१ मध्ये या गावच्या रस्त्यात त्यांनीच करून दिली, आणि पुढील पन्नास वर्षांच्या चळवळीला या दोघींची जोडी मिळाली.

या वारशाची गावाने बराच काळ कदर केली नाही, हेही सांगितले पाहिजे. १८७१ मध्ये चॅपेल विकले गेले. पुढे तेथे नाट्यगृह, मोटारींचा व्यवसाय आणि धुलाईकेंद्रही चालले. १९८० मध्ये येथे स्त्री-हक्कांचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान (जपलेला ऐतिहासिक परिसर) घोषित झाले, तेव्हा मूळ वास्तूचा थोडाच भाग शिल्लक होता. ज्या धबधब्यांवरून गावाला नाव मिळाले, तेही १९१५ मध्ये कालव्याच्या कामात पाण्याखाली गेले. कालव्याकाठची १८४४ ची जुनी गिरणी मात्र टिकली. अमेरिकेतील कर्तबगार स्त्रियांचे राष्ट्रीय स्मारक-दालन २०२० पासून त्याच इमारतीत आहे, आणि या गिरणीच्या संस्थापकांपैकी काहींच्या सह्या १८४८ च्या जाहीरनाम्यावर आहेत.