फ्रेंचमध्ये स्वतःबद्दल खरं बोलणारा आकडा

प्रश्न असा : इंग्रजी ‘फोर’च्या स्पेलिंगात चारच अक्षरं आहेत, म्हणजे हा शब्द स्वतःबद्दल खरं बोलतो. फ्रेंचमध्ये असा शब्द कोणता? आणि अशा स्पेलिंगांवरून संख्यामाला कशा बनतात?

फ्रेंचमध्ये असा शब्द एकही नाही. चारला म्हणतात ‘कात्र’, त्यात अक्षरं सहा. सहा म्हणजे ‘सीस’ : एस-आय-एक्स, तीन. तीनच्या ‘त्र्वा’त पाच आणि पाचच्या ‘सँक’मध्ये चार. झालं, पुन्हा चारावर! कुठूनही निघा, याच चौकडीत अडकता. ९९ म्हणजे ‘कात्र-व्हँ-दीस-नफ’, शब्दशः चार-वीस-दहा-नऊ. त्यात जोडरेघा सोडून १८ अक्षरं. १८ च्या नावात ७, ७ च्या नावात ४. बेल्जियम-स्वित्झर्लंडमध्ये तेच ‘नोनाँत-नफ’, ११ अक्षरांचं. ११ च्या नावात थेट ४. सहाच्या पुढच्या कुठल्याही संख्येच्या नावात तिच्याहून कमीच अक्षरं असतात, त्यामुळे घसरण ठरलेलीच. (मराठीत जोडाक्षर एक धरून मोजा : एक ते शंभर, सगळे शेवटी ‘दोन’वर येतात.)

मात्र कानावर विसंबू नका. ‘दऽ’ म्हणजे दोन. त्यातला शेवटचा एक्स उच्चारात नाही, तरी मोजायचा.

खरी गंमत मालेत आहे. इंग्रजीत अ‍ॅरन्सनची माला प्रसिद्ध आहे : ‘टी हे या वाक्यातलं पहिलं, चौथं, अकरावं… अक्षर आहे’. इंग्रजी वाक्यात टी ज्या-ज्या जागी येतो, त्या जागांचे आकडे म्हणजे माला. फ्रेंचमध्ये हाच खेळ ‘ई’वर खेळतात (वाक्य सुरू होतं ‘E est la première, deuxième…’ असं) आणि माला येते १, २, ९, १२, १४, १६, २०, २२, २४… ‘प्रम्येर’ म्हणजे पहिलं, त्यात ‘ई’ तीनदा; पुढच्या प्रत्येक क्रमवाचकाच्या ‘-येम’ या शेपटीतच दोन (डोक्यावर चिन्ह असलेला ‘ई’ही धरायचा). म्हणजे एक हप्ता फेडावा, तर दोन नवे अंगावर. वाक्य संपणार कसं?

मालेत पुढे ७३ येतो आणि तिथे पॅरिस-ब्रसेल्सची फारकत होते. फ्रान्समध्ये त्र्याहत्तरावं म्हणजे ‘स्वासाँत-त्रेझ्येम’, साठ आणि तेरावं. बेल्जियममध्ये ‘सेप्ताँत-त्र्वाझ्येम’, सत्तर आणि तिसरं. दोन्हींत अक्षरं १७ आणि ‘ई’ चारच. पण फ्रान्सच्या शब्दात ते ८, ११, १५, १७ या जागी, तर बेल्जियमच्या शब्दात २, ८, १५, १७ या जागी. एवढ्यावरून पुढची माला दोन्हीकडे वेगळी.