फुंकर मारू नका : जुन्या व्हिडिओ गेमबद्दल वाचकांचे प्रश्न

माळ्यावरची टीव्ही गेम पुन्हा खाली काढणाऱ्यांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. समुराई, मीडिया अशा नावांनी आपल्याकडे विकली गेलेली ही आठ-बिटी यंत्रं आतून निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या धर्तीची. फॅमिकॉम जपानमध्ये 1983 साली आलं. त्यामुळे डब्यावर नाव कुठलंही असलं, तरी खालची उत्तरं बहुतेकांच्या कामी येतील.

प्रश्न : कॅसेट लावली की नुसता करडा पडदा दिसतो. काढून फुंकर मारली की कधी चालते, कधी चित्रांचा चिवडा होतो. कॅसेट गेली का? (मालवण)

कॅसेट जाणं तसं दुर्मीळ. दोष बहुतेक वेळा पिनांमध्ये असतो, आणि समुद्रकाठी तर हमखास. फुंकर मारल्यावर गेम चालते ती फुंकरीमुळे नव्हे. कॅसेट काढून परत खोचताना पट्ट्यांवरचा गंज जरा घासला जातो, म्हणून चालते. फुंकरीतून जाते ती थुंकीची वाफ. आज काम भागतं आणि काही महिन्यांनी पट्ट्या हिरवट-काळ्या पडतात.

लक्षणं नीट बघा, अर्धं निदान तिथेच होतं. कॅसेटमध्ये दोन निरनिराळ्या मेमरी असतात. एकीत गेमचा प्रोग्रॅम, दुसरीत चित्रं. पडदा कोराच राहिला तर प्रोग्रॅमकडच्या पिना टेकत नाहीत. गाणं व्यवस्थित वाजतंय, मारिओ उड्याही मारतोय, पण भिंतींच्या जागी अक्षरं आणि तुकडे दिसतात, म्हणजे चित्रांकडच्या पिना. आणि चित्र स्वच्छ पण आवाज गायब असेल, तर लगेच टीव्हीला दोष देऊ नका. या यंत्रांत आवाजही कॅसेटमध्ये जाऊन परत येतो. त्या दोन पिना मळल्या की गेम मुकी होते.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, 90 टक्क्यांच्या वरचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत ‘आयपीए’ म्हटलं की देतात. इअरबड त्यात ओला करून पट्ट्यांवर लांबीच्या दिशेनेच फिरवा, आडवा नको. एका बाजूला 30 अशा 60 पट्ट्या आहेत, दोन्ही बाजू करा. बड काळा निघायचा थांबेपर्यंत नवा घेत राहा. डाग फारच हट्टी असेल तर पांढरं खोडरबर हलक्या हाताने एकदा-दोनदा चालेल, पण नंतर त्याचा चुरा अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर मात्र अजिबात नको. वरचा मुलामा इतका पातळ असतो की एकदा तांबं उघडं पडलं की मालवणच्या हवेत ते पावसाळाभरही टिकणार नाही.

नुसती कॅसेट पुसून भागत नाही, यंत्राची खाचही तितकीच मळलेली असते. जुन्या व्हिजिटिंग कार्डावर पातळ सुती कापड ताणून गुंडाळा, अल्कोहोलचे दोन थेंब टाका आणि यंत्र बंद असताना आठ-दहा वेळा सरळ आत-बाहेर करा. हे कार्ड कॅसेटच्या पट्टीपेक्षा जाड होऊ देऊ नका, नाहीतर खाचेतले चिमटे फाकतात आणि मग कुठलीच कॅसेट घट्ट बसत नाही. पंधरा मिनिटं वाळू द्या आणि मगच वीज द्या.

प्रश्न : बंदूक नवीच वाटते, वायरही तुटलेली नाही, पण डक हंटमध्ये एकही बदक पडत नाही. टीव्ही 43 इंची एलईडी आहे. (सोलापूर)

बंदूक बहुधा ठणठणीत आहे, अडचण टीव्हीची आहे. ही बंदूक पडद्यावर काही सोडत नाही. उलट नळीच्या तोंडाशी भिंग आणि त्यामागे प्रकाश ओळखणारा डोळा आहे. चाप ओढला की गेम एका फ्रेमपुरता, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रापुरता, सगळा पडदा काळा करते. पुढच्या फ्रेममध्ये फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढते. दोन बदकं असतील तर दुसऱ्याचा चौकोन त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये. काळ्या फ्रेममध्ये उजेड दिसला तर ती लबाडी धरली जाते, म्हणून ट्यूबलाइटवर नेम धरून गुण मिळत नाहीत. चौकोनाच्या फ्रेममध्ये उजेड दिसला तर बदक पडलं.

पाल (PAL, आपल्याकडची टीव्हीची पद्धत) टीव्हीवर एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. एलईडी टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतो, ताणून मोठं करतो आणि मग दाखवतो. तेवढ्यात चौकोनाची वेळ टळून जाते. शिवाय डबा टीव्हीत, म्हणजे जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत, चित्र रेषेरेषेने रंगतं, सेकंदाला 15,625 रेषा. बंदुकीतलं सर्किट साधारण त्याच वेगाची चमक ओळखायला जुळवलेलं असतं. एलईडीचा पडदा तसा चमकतच नाही. म्हणून टीव्हीचा ‘गेम मोड’ लावून उशीर कमी केला, तरी बदकं उडतच राहणार.

उपाय एकच, डबा टीव्ही. 14 इंचीही पुरतो. भंगारवाल्याकडे किंवा जुन्या दुरुस्तीच्या दुकानात विचारा. फक्त शेवटच्या काळात आलेले 100 हर्ट्झचे चपटे डबे टाळा, तेही चित्र साठवूनच दाखवतात. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट चढवा, बंदुकीच्या भिंगावरची धूळ पुसा, पाच-सहा फुटांवर उभे राहा. तरीही नेम लागत नसेल तर बंदुकीची पिन दुसऱ्या खेळाडूच्या सॉकेटात लावून बघा. आणि डबा टीव्हीचं मागचं झाकण उघडायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट राहू शकतात.

प्रश्न : मूळ अडॅप्टर हरवला. राउटरचा 12 व्होल्टचा पिनला बसतो. चालेल का? (नाशिक)

पिन बसते म्हणून चालेल असं नाही. आधी यंत्रावरची खूण बघा. बहुतेक यंत्रांना 9 व्होल्ट डीसी लागतात, पण पिनच्या आत ऋण की धन, हे ठरलेलं नाही. मूळ फॅमिकॉममध्ये आत ऋण आहे. आजचे राउटरचे अडॅप्टर साधारणपणे आत धन असतात. उलटं लावलंत आणि आत संरक्षक डायोड नसेल, तर पहिला बळी रेग्युलेटरचा.

हा रेग्युलेटर म्हणजे 7805, तीन पायांचा, पाठीला पत्रा लावलेला. आलेल्या 9 व्होल्टचे तो 5 करतो आणि वरचे 4 उष्णता म्हणून टाकतो. यंत्र 400 मिलिअँपिअर घेतं असं धरलं, तर ती उष्णता 1.6 वॉट झाली. तुमच्या 12 व्होल्टवर तीच 2.8 वॉट होते. तेवढाच पत्रा जवळपास दुप्पट तापतो आणि अर्ध्या तासाने गेम अडकायला लागते. म्हणून 9 व्होल्ट, 500 ते 850 मिलिअँपिअरचा घ्या. जास्त अँपिअरचा असला तरी बिघडत नाही, यंत्र हवे तेवढेच घेतं. जुन्या धाटणीचा जड, ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर मोकळा मोजला तर मल्टिमीटर 12-13 दाखवेल. घाबरू नका, भार आला की तो खाली येतो.

शंका असेल तर 7805 वरची अक्षरं तुमच्याकडे ठेवून मधला आणि उजवा पाय यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. 4.8 ते 5.2 असेल तर वीजपुरवठा ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधा.

प्रश्न : मोबाइलवर तीच मारिओ खेळले तर गाणं आणि मारिओ दोन्ही घाईत वाटतात. भास आहे का? (बंगळुरू)

भास नाही. जपान-अमेरिकेचे टीव्ही सेकंदाला 60 फ्रेमचे, आपले 50 चे. पाल टीव्हीसाठी केलेल्या यंत्रात 60 ची कॅसेट 50 ने चालायची, म्हणजे सहामध्ये पाचाच्या वेगाने. पहिल्या लेव्हलचं घड्याळ 400 पासून उतरतं आणि दर 24 फ्रेमला एक आकडा कमी होतो. 60 वर ते 160 सेकंदांत संपतं, 50 वर 192. तुम्ही लहानपणी खेळलात ती मारिओ खरंच सावकाश होती. इम्युलेटरच्या (मोबाइलवर जुनी गेम चालवणाऱ्या अ‍ॅपच्या) सेटिंगमध्ये प्रदेश ‘डेंडी’ (50 फ्रेमवर चालणारं, फॅमिकॉमच्याच धर्तीचं यंत्र) असा पर्याय असेल तर तो निवडा. ‘पाल’ निवडलंत तर गाण्याचा सूरही उतरतो.

प्रश्न : कॉन्ट्रात गर्दी झाली की गोळ्या लुकलुकतात, काही दिसेनाशाच होतात. (ठाणे)

बिघाड नाही. चित्राची चिप एका रेषेवर हलणारे आठच तुकडे काढू शकते आणि एकूण 64. नववा आला की कुणीतरी गाळलं जाणारच, म्हणून गेम दर फ्रेमला वेगवेगळ्याला आळीपाळीने गाळते. डबा टीव्हीवर हे लुकलुकणं सुसह्य वाटतं. नव्या टीव्हीवर कधी कधी गोळी साफ गायब होते आणि जीव जातो. त्यासाठीच तर जादा जीव देणारी बटणांची युक्ती आहे : वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए आणि स्टार्ट.

प्रश्न : रिमोटचं ‘ए’ बटण जोर लावल्याशिवाय चालत नाही. केबल बदलू का? (अकोला)

केबल बदलू नका. रिमोटमधून पाचच वायरी येतात : वीज, अर्थ आणि तीन संदेशाच्या. आठही बटणांची खबर एकाच वायरीवरून एकामागून एक जाते. केबल तुटली तर सगळीच बटणं मरतील. एकटं ‘ए’ मेलं तर दोष रिमोटच्या आतच.

मागचे स्क्रू काढा. रबराच्या टोप्यांखाली काळी गोल टिकली दिसेल आणि तिच्यासमोर प्लेटवर काळ्या कार्बनची बोटांसारखी नक्षी. दोन्ही अल्कोहोलच्या बडने पुसा, पण नक्षीवर दाब देऊ नका, कार्बन खरवडून निघतो. टिकली झिजून चकचकीत झाली असेल तर तिच्यावर 6बी पेन्सिल घासून तात्पुरतं काम होतं. त्याहून बरी युक्ती अशी : पुष्कळ रिमोटमध्ये ए, बी आणि दोन टर्बो यांचं मिळून एकच चौकोनी रबर असतं. ते उलटं फिरवून बसत असेल तर फारशा न वापरलेल्या टर्बोच्या टिकल्या ए-बीखाली येतात. बंद करताना केबल तिच्या खुंट्यांमधून पूर्वीसारखीच वळवून घ्या, नाहीतर पहिल्याच हिसक्याला वायरीचा सोल्डर सुटतो आणि मग खरंच केबल लागेल.