पोरी, आता तुझं तू बोलायचं

पोरी,

परवा अ‍ॅडमिशनला जाऊन आल्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. फोनवर सांगितली तर तू नुसतं "होय अक्का, होय अक्का" करशील म्हणून लिहूनच पाठवते. निवांत वाच. आईला दाखवलीस तरी चालेल, बाबांना दाखवायची का ते तुझं तू ठरव.

त्या टेबलाजवळ क्लार्कनी तुला विचारलं, "निन्न हेसरेनु?" आणि तू तोंड उघडायच्या आत मी तुझं नाव सांगून मोकळी झाले. मग वडलांचं नाव, जुनी शाळा, टीसी, आधार, विद्यार्थ्याचा सॅट्स नंबर, सगळं मीच बोलत सुटले, आणि तू फाईल छातीशी धरून माझ्या मागं उभी, मान खाली, एका पायाच्या अंगठ्यानं दुसऱ्या चपलेचा पट्टा दाबत. मीडियम कुठलं विचारलं तेव्हासुद्धा मी "मराठीच" म्हणून टाकलं, मान वळवून तुझ्याकडं बघितलं पण नाही. आणि परत येताना बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत हळूच विचारलंस, "अक्का, इंग्लिश मीडियम घेतलं असतं तर चाललं असतं काय गे?"

मला रात्री झोप लागली नाही बघ. सातवीपर्यंत तुझ्या वतीनं कुणी ना कुणी बोलत आलं, आधी आई, मग गुरुजी, आता मी, आणि आम्हाला वाटतं आम्ही मदत करतोय. आता आठवीला तू रोज एकटी बसनं खानापूरला जाणार, तिथं तुझ्या मागंपुढं कोण असणार? म्हणून पहिल्यांदा मी माझी चूक कबूल करते, त्या दिवशी उत्तरं तुझी होती, मी द्यायला नको होती.

माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. 2006 चा जुलै, मी आठवीत, हायस्कूलला जायला लागून महिनाच झालेला. आपला जुलै तुला माहीतच आहे, छत्री असून नसल्यासारखी. त्या दिवशी माझी मैत्रीण शाळेला आली नव्हती, संध्याकाळी खानापूर स्टँडवर मी एकटीच. एक बस लागली, सगळे धावले, मीपण धावले. बोर्ड कन्नडमध्ये. तसं कन्नड मला येत होतं ग, खरं पुस्तकातलं, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायचं, आणि बस काय बोट फिरेपर्यंत थांबत नाही. शेजारच्या बाईला विचारता आलं असतं. "ई बस जांबोटीगे होग्तैतेन्री?" ही बस जांबोटीला जाते काय, एवढं एकच वाक्य. मनात चार वेळा म्हटलं, तोंडातून निघालं नाही, चुकलं तर हसतील म्हणून. कंडक्टरला पास दाखवला, गर्दीत त्यानं नीट न बघताच मान हलवली आणि पुढं गेला. थोड्या वेळानं काच पुसून बाहेर बघितलं तर रस्ता ओळखीचा वाटेना. तरीसुद्धा विचारलं नाही! छातीत नुसतं धडधड आणि मी तेच वाक्य मनात घोकत बसलेली. बस थांबली तेव्हा कळलं नंदगड आलं, म्हणजे आपल्या एकदम उलट्या बाजूला. संगोळ्ळी रायण्णांना 1831 मध्ये फाशी दिलं ते नंदगड, इतिहासात किती वेळा पाठ केलं होतं, आणि तेच नाव बसवर लिहिलेलं मला वाचता आलं नाही.

शेवटी मी रडायलाच लागले तेव्हा कंडक्टर जवळ आला. मी हुंदके देत मोडकंतोडकं कन्नड बोलायला गेले तर तो स्वतःच मराठीत म्हणाला, "बाळ, आधी विचारायचं न्हाई व्हय?" त्याची मराठी माझ्या कन्नडइतकीच मोडकी होती, खरं त्याला तिची लाज वाटत नव्हती. त्यानं मला परतीच्या बसमध्ये बसवलं, त्या कंडक्टरला बजावून सांगितलं. खानापूरला आले तर आपल्याकडची बस गेलेली, मग एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात फोन, आणि बाबा शेजाऱ्यांच्या गाडीवर भिजत आले तोवर रात्र झालेली.

आणि इथं मी दुसरी चूक केली, ती पहिलीपेक्षा मोठी. घरी सांगितलं, बस बंद पडली. तिसऱ्याच दिवशी गावात सगळ्यांना खरं काय ते कळलं, आणि बाबा म्हणाले, "बास झालं हायस्कूल, जवळ आहे तेवढंच शीक." बस चुकली म्हणून नाही म्हणाले, मी खोटं बोलले म्हणून म्हणाले. आई मध्ये पडायला लागली, मी तिला थांबवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या समोर उभं राहून सांगितलं की कन्नड बोलायची लाज वाटली म्हणून विचारलं नाही, आणि तुमची भीती वाटली म्हणून खोटं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या बाजाराला मला बरोबर घेऊन गेले, पिशवी माझ्या हातात दिली, आणि स्वतः लांब चहाच्या गाड्याजवळ जाऊन उभे राहिले. "कांदे तू घे." मी कांदेवाल्या बाईला म्हटलं, "एष्टु री?" तिनं भाव सांगितला, मी 2 रुपये कमी करायला सांगितलं, तिनं केले. घरी येईस्तोवर ती पिशवी मी बाबांच्या हातात दिली नाही.

तुझे बाबा माझ्या बाबांपेक्षा तापट नाहीत हे मला माहीत आहे. तरी तू त्यांना कुठलीही गोष्ट आईकरवीच सांगतेस. स्नेहसंमेलनाला थांबायचंय, आईकरवी. नवीन बॅग, आईकरवी. ते बंद कर. उशीर होणार असेल तर आधी सांग, कुठं, कुणाबरोबर, कितीच्या बसनं येणार, आणि त्या वेळेला ये. बस चुकली तर चुकली म्हणून सांग. दोन-चार महिने असं झालं की ते आपोआप कमी विचारायला लागतील, मी बघितलंय. मोबाईलचंही तेच. तुला स्वतःचा हवाय हे मला कळतं, खरं आत्ता आईच्याच फोनवर शाळेचा ग्रुप बघ, आणि जे आईसमोर उघडता येत नाही ते मैत्रिणीच्या फोनवरही उघडू नकोस. कुणी फोटो मागितला, कुणी का असेना, तर नाही म्हणायचं आणि घरी सांगायचं, घरी जमत नसेल तर मला, रात्री 12 ला फोन केलास तरी मी उचलेन.

बसचं सांगते. जून 2023 पासून आपल्याकडं बायका-मुलींना सरकारी बस फुकट आहे, आधार दाखवलं की शून्य तिकीट देतात. गर्दीत कंडक्टर विसरला तर ते तिकीट तू मागून घ्यायचं, फुकट असलं म्हणून सोडायचं नाही, चेकिंगवाले आले तर तेच विचारतात. गर्दीत कुणी मुद्दाम अंगचटीला आलं तर गप्प सरकू नकोस, मोठ्यानं म्हण, "दूर निल्री!" अख्ख्या बसला ऐकू गेलं पाहिजे. आवाज चढवला म्हणून मुलगी वाईट ठरत नाही, कुणी काही म्हणू दे. बाबांचा, आईचा आणि माझा नंबर पाठ कर, लिहून ठेवलेला कागद पावसात विरघळतो. 1098 पण पाठ कर, मुलांच्या मदतीचा नंबर आहे, लहान वाटलं तरी 18 पर्यंत तुझाच आहे. बॅगेत एक जाड प्लास्टिक पिशवी वह्यांसाठी, आणि दोन पॅड कायम. वर्गात पाळी आली तर मॅडमना सरळ सांग, त्यांच्याही घरी मुली आहेत. आणि आपल्याकडं नाल्याला पाणी चढलं की बस येतच नाही, त्या दिवशी खानापुरात कुणाकडं थांबायचं ते आत्ताच, कोरड्या दिवसांत, घरात बसून ठरवा.

आता मीडियमचं. हा विषय आपल्याकडं साधा नाही. 1956 ला आपला बेळगाव-खानापूरचा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेला तेव्हापासून घराघरात भाषेवरून बोलणं चाललेलं आहे, तुझ्या आजोबांनी त्यात लाठ्या खाल्ल्यात, त्याची किंमत मी कमी करणार नाही. मराठीत शिकलीस तर विषय मुळातून कळतो, आणि एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, पहिली भाषा म्हणून मराठी 125 मार्कांची आहे, ती तुला टोटल उचलून देईल. खरं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स-कॉमर्स इंग्लिशमध्ये येतं. मी कॉमर्सला गेले तेव्हा पहिले तीन महिने मॅडम काय म्हणतात ते डोक्यावरून जायचं, हिशोब मला येत होता, शब्द येत नव्हते. म्हणून मराठी मीडियममध्ये राहिलीस तर आठवीपासूनच वहीच्या मार्जिनमध्ये प्रत्येक शब्दाशेजारी इंग्लिश शब्द लिहीत जा, प्रकाशसंश्लेषण तिथं फोटोसिंथेसिस, लसावि तिथं एलसीएम. तीन वर्षांत मार्जिनमध्ये अख्खी डिक्शनरी होते. आणि इंग्लिश मीडियमला जायचं असेल तर पहिलं वर्ष जड जाईल, मार्क पडतील, ते सोसायची तयारी हवी आणि घरी मराठी वाचणं सोडायचं नाही. कन्नड तर कुठंही गेलीस तरी लागणारच, बसमध्ये, बँकेत, दाखल्यांसाठी नाडकचेरीत. कन्नड चांगलं आलं म्हणून तुझी मराठी काही कमी होत नाही. मी बेळगावात उद्यमबागच्या ऑफिसात दिवसभर तिन्ही बोलते आणि घरी आले की आईशी आपलीच भाषा, "काय करुलालीस गे?"

माझं मत विचारशील तर मराठी. तुझं गणित बरं आहे, खरं इंग्लिश वाचन अजून अडखळतंय. हे माझं मत झालं, शाळेत जाणार तू.

शाळा उघडायला अजून आठ दिवस आहेत, मीडियम बदलायचं असलं तर आत्ताच अर्ज देता येईल. रविवारी संध्याकाळी बाबा पडवीत बसले की तू स्वतः त्यांच्याजवळ जाऊन विषय काढ. काय पाहिजे आणि का पाहिजे, एवढंच सांग. त्यांनी उलट विचारलं तर घाबरून आत पळू नकोस, "विचार करून सांगते" म्हटलं तरी चालतं.

सोमवारी मी सुट्टी टाकलीय. सकाळच्या बसला मी मागच्या सीटवर बसेन, तू पुढं. बोर्ड तू वाचायचा, कंडक्टरला तू विचारायचं, तिकीट तू मागायचं. शाळेत गेल्यावर मी बाहेर व्हरांड्यात थांबेन. क्लार्कच्या टेबलाजवळ तू एकटी जा, मीडियम तेच ठेवायचं असेल तर निदान शाळेची वेळ आणि पुस्तकं कधी मिळणार ते विचारून ये. कन्नडमध्ये अडलं तर मराठीत विचार, त्यांना दोन्ही येतं. आणि हो, फाईल छातीशी धरू नकोस, हातात धर.

तुझी अक्का