‘जुगार’ पोर्तुगीजांनी आणला का?

मकावला, म्हणजे चीनमधल्या जुन्या पोर्तुगीज वसाहतीत, जाऊन आलेल्या एका वाचकाचा प्रश्न: तिथे कसिनोंच्या परिसरात चिनीखाली पोर्तुगीजमध्ये ‘जोगु’ असं लिहिलेलं दिसतं. जोगु म्हणजे खेळ आणि त्याचं क्रियापद ‘जुगार’! मग पाव-बटाट्यासारखा हाही शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला का?

शंका रास्त आहे. लिहिताना ते ‘जोगार’ असं लिहितात, पण लिस्बनकडचा माणूस पहिला ओ गिळून जवळपास ‘जुगार’च म्हणतो. शिवाय क्रियापदाचं मूळ रूप उचलून त्याचं नाम करायची खोड आपल्याला आहेच. ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे, त्याचा आपण पगार केला. मग जोगारचा जुगार का नाही?

तरीही नाही. आपला जुगार ‘द्यूतकार’ पासून आला. ‘द्य’चा ज होतो हे अद्य-आज, विद्युत्-वीज यांत दिसतं, आणि क मऊ होऊन ग होतो हे प्रकट-प्रगट मध्ये. पालीत ‘जूतकार’ आहे, गुजरातीत जुगार, हिंदीत जुआ नि जुआरी. पंजाबातल्या ‘जुआ’ला गोव्याच्या बंदरातून जावं लागलं नसणार! गीतेतल्या ‘द्यूतं छलयतामस्मि’साठी ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ‘जूं’ वापरलं, आणि वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. गंमत अशी की द्यूतकार म्हणजे खेळणारा. मराठीत ते नाव खेळालाच चिकटलं, मग खेळणाऱ्यासाठी ‘ई’ लावून जुगारी करावा लागला. नुसतं ‘जू’ मागे पडलं, ते बैलाच्या मानेवरही होतं म्हणून असेल, हा आपला माझा तर्क.

अर्थातही फरक आहे. पोर्तुगीज माणूस फुटबॉललाही ‘जोगार’च म्हणतो. त्याचं मूळ लॅटिन ‘योकुस’, म्हणजे थट्टा, गंमत. आपण मात्र क्रिकेट ‘जुगारत’ नाही. (सट्टेवाले सोडून.)

मकावमध्ये ओळखीचे शब्द भेटतात हे मात्र खरं, आणि त्याला कारण आहे. पोर्तुगीज तिथे १५५७ च्या सुमारास स्थिरावले आणि १८४४ पर्यंत त्या वसाहतीचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. १९९९ मध्ये ती चीनकडे गेली तरी पोर्तुगीज अजून राजभाषा आहे. त्यामुळे रस्त्यांच्या निळ्या-पांढऱ्या पाट्या बघून पणजीच्या फोंताइन्यास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीची आठवण होते. पाव, चावी, फीत, लिलाव, तुरुंग, घमेलं हे खरोखर त्यांच्याकडचे. यांतले बहुतेक एखादी वस्तू किंवा व्यवस्था घेऊन आले. जुगार शिकायला आपल्याला परदेशी गुरूची गरज नव्हती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हरलेल्या जुगाऱ्याचं अख्खं सूक्त आहे, त्यात ‘फासे खेळू नकोस, शेती कर’ असं बजावलेलंही आहे.

पुन्हा गेलात तर ‘जोगु’पेक्षा ‘अझार’ शोधा. अरबीत ‘झहर’ म्हणजे फासा, तो स्पेन-पोर्तुगालमार्गे अझार झाला. मकावच्या २००१ च्या कसिनो कायद्याच्या पोर्तुगीज नावात ‘फोर्तुना ओ अझार’चे खेळ असं आहे. कायद्याच्या भाषेत तो नुसता दैवाचा खेळ, पण रोजच्या बोलण्यात अझार म्हणजे चक्क कमनशीब.