वावरातला दगड आणि हरिहरेश्वरचा कडा

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही वाशिम तालुक्यातले, सोयाबीन-तुरीची शेती आहे. यंदा भाऊबीज झाली की सगळे रायगडमधल्या माणगावला साळ्याकडे चाललो, पोरगी नववीत आहे, पोरगा 6 वर्षाचा, आणि आई सोबत. पोट्ट्यांनी समुद्र फक्त मोबाईलवर पाहिला. पोरगी भूगोलात सागरी कडा, सागरी गुहा शिकली तर तिला ते डोळ्यानं पाहायचंय, लेण्या पण पाहायच्या म्हणते. साळ्याला सुट्टी एकच दिवसाची, गाडी त्याचीच. एका दिवसात दोन्ही होईल का, अन् लहान लेकरू घेऊन तिकडं उतरणं धोक्याचं तर नाही? आईचे गुडघे दुखतात, तिचं काय करावं ते पण सांगा.

उत्तर : भाऊ, होते एका दिवसात. सकाळी हरिहरेश्वर, म्हणजे समुद्रकाठचं देऊळ आणि त्याच्यामागचा कडा, दुपारून परतताना कुडा लेणी. पण हा क्रम समुद्राला विचारून ठरवायचा, गाडीला नाही. हे मी एवढं जोर देऊन सांगते कारण काही वर्षांपूर्वी आम्हीच जेवण करून आरामात तीन वाजता देवळामागून कड्याखाली जाणाऱ्या प्रदक्षिणेच्या वाटेनं उतरलो, कोणाला काही विचारलं नाही, आणि अर्ध्या वाटेत पाणी चढायला लागलं, माझ्या लेकाला नवऱ्यानं खांद्यावर घेतलं आणि गुडघाभर पाण्यातून आम्ही मागं फिरलो. आपल्याकडं नाल्याला पूर येतो तो दिसतो, ऐकू येतो. भरती तशी येत नाही, ती हळूहळू येते आणि आपण दगड पाहण्यात गुंग असतो तेवढ्यात परतीची वाट बुडालेली असते. तिथं लाटेनं माणसं ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

आता हिशोब ऐका, कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या करतात तो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. षष्ठी असेल तर 6 ची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचार आणि संध्याकाळी पाच वाजायच्या सुमारास भरती, आणि त्याच्या सहा तासांनी, साडेदहा-अकराला पूर्ण ओहोटी. भरती रोज पाऊण-एक तास पुढं सरकते. भाऊबीज द्वितीयेला असते, त्यामुळं तुम्ही षष्ठीचा दिवस धरा, चांगला बसतो. हा हिशोब तासभर इकडंतिकडं होतो म्हणून मोबाईलवर त्या दिवशीची भरतीची वेळ पाहा आणि देवळाजवळच्या दुकानदाराला पण विचारा, दोघांचं जुळलं तरच खाली उतरा. दहाला उतरायचं, साडेअकराला वर यायचं, कोणी कितीही म्हटलं अजून थोडं पुढं जाऊ तरी. माणगावहून दोन तास लागतात, सातला निघा.

आईंना मात्र खाली नेऊ नका. पायऱ्या उंच आहेत आणि पुढं सगळं ओबडधोबड खडकावरून चालणं आहे, त्यावर शेवाळ असतं. त्यांचं दर्शन होऊ द्या, मग साळेभाऊंना त्यांच्यासोबत किनाऱ्यावर बसू द्या. पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या माणसाला नुसतं बसून पाहायलाच लय वेळ लागतो, माझी सासू दोन तास काही बोलली नव्हती. पोराचा हात एकानं सतत धरून ठेवायचा. पायात मागं पट्टा असलेली सँडल हवी, स्लिपर नको, अनवाणी तर नकोच, खडकावर कालवं चिकटलेली असतात त्यांची धार पाय कापते.

आणि पोरीला तिथं काय दाखवायचं ते सांगते, कारण मला याच गोष्टीची सगळ्यात जास्त आवड आहे. तो काळा कडा आणि तुमचं वावर एकाच दगडाचं आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, त्याचा हा काळा दगड, बेसॉल्ट, झाला, तो कोकणापासून आपल्या वऱ्हाडापर्यंत पसरलेला आहे. लोणारचं सरोवर त्याच दगडात, चिखलदऱ्याला भीमकुंडाच्या दरीत थर दिसतात ते त्याचेच. आपल्याकडं तो दगड ऊन-पावसानं झिजून काळी माती झाली, तिकडं त्याच दगडाला समुद्र पायथ्याशी खातो, खालून खाच पडते, खाच वाढून कपार होते, वरचा भाग लटकतो आणि एक दिवस तुटून पडतो. कडा असाच मागं मागं सरकतो. खडकावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतील, ती खाऱ्या पाण्याची. पाणी वाळतं, मिठाचे खडे फुगतात आणि दगडाचा कण न् कण सुटतो. निघताना वावरातून मातीचं एक ढेकूळ आणि नांगराला लागते तशी एखादी पांढरी गारगोटी पोरीला सोबत घेऊ द्या. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे राहिले, नंतर त्यात खनिजं भरली, अशा गारगोट्या त्यातूनच निघालेल्या.

जेवून कुडा गाठा, दोनेक तास धरा. मांदाड गावाजवळ, राजपुरीच्या खाडीवर, डोंगरात 26 बौद्ध लेणी आहेत, सुमारे 2000 वर्षांपूर्वीपासूनची. खाडीतून गलबतं यायची, व्यापार चालायचा, म्हणून ती तिथं. ब्राह्मी लिपीत कोरलेल्या लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत आणि त्यात माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे. नुसते राजे नाहीत, कामधंदा करणारी माणसं, हे पोरांना नक्की सांगा. सकाळची कपार लाटेनं केलेली आणि ही छिन्नीनं, पोरीला दोन्हीतला फरक हात लावून शोधायला सांगा (मूर्तींना हात नको, नुसत्या भिंतीला). टॉर्च न्या, वटवाघळं असतात. वर आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको, गुपचूप मागं फिरा. इथंही चढ आहे, आईंना खालीच सावलीत बसवा.

एक अजून. जायच्या आधी एखाद्या रविवारी पातूरची लेणी करून या, वाशिम-अकोला रस्त्यावरच आहेत, वाकाटक राजांच्या काळातली, त्याच दगडात कोरलेली. जवळ असून आपलीच माणसं तिथं उतरत नाहीत. पोरगं अंधारात घाबरतं का, किती चालतं, ते तिथंच कळेल, आणि घाबरत असेल तर कुड्याला त्याला बाहेर आजीजवळ ठेवा, जबरदस्ती करू नका.